परळी कशामुळे थांबलं? पाणी आणि वीज यांवरचा एक गाजलेला अहवाल वाचताना

पाणी आणि वीज यांच्या संबंधावर आपल्याकडे कुणी सिनॉप्सिस लिहायला घेतला, की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास येतं: देशातल्या २० सर्वांत मोठ्या औष्णिक वीज कंपन्यांपैकी १४ कंपन्यांना २०१३ ते २०१६ या काळात पाण्याअभावी किमान एकदा तरी उत्पादन बंद ठेवावं लागलं. माझ्याही सिनॉप्सिसमध्ये ते होतं, पहिल्याच परिच्छेदात. तेव्हा मी मूळ अहवाल वाचला नव्हता. दुसऱ्या एका पेपरच्या प्रस्तावनेतून ते उचललं होतं आणि संदर्भ मात्र मूळ अहवालाचा दिला होता. हे तुम्हीही करणार आहात, किंवा केलं असेल, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

अहवाल आहे वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा, जानेवारी २०१८चा. नाव 'पार्च्ड पॉवर', लेखक तियानयी लुओ, दीपक कृष्णन आणि श्रेयान सेन. मराठवाड्यातल्या वीजकेंद्रांवर काम करणाऱ्या माणसाला त्याला वळसा घालून जाता येत नाही. मी तो आता तीनदा वाचलाय. पहिल्या वेळी भारावून गेले, दुसऱ्या वेळी चिडले, तिसऱ्या वेळी त्यात काय चांगलं आहे आणि कुठे थांबून विचारायला हवं ते जरा नीट दिसलं. आजचा लेख त्या तिसऱ्या वाचनाचा.

आधी श्रेय देते. आपल्या देशात कुठलं वीजकेंद्र किती पाणी घेतं याची एकत्र, उघड नोंद मिळत नाही. या लोकांनी चारशेहून जास्त औष्णिक केंद्रांची यादी हाती घेतली, उपग्रहाची छायाचित्रं पाहून कुणाकडे कूलिंग टॉवर आहे आणि कुणाकडे नाही हे ठरवलं आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या रोजच्या आउटेज रिपोर्टांतून पाण्याअभावी बंद राहिलेले संच शोधून काढले. ज्यांनी ते रिपोर्ट कधी उघडून पाहिलेत त्यांना हे किती कंटाळवाणं काम आहे ते कळेल. संशोधनात अशा हमालीला किंमत असते आणि ती द्यायलाच हवी.

आता आकड्यांकडे येऊ. अहवालातले चार आकडे सगळीकडे फिरतात. एक, वर सांगितलेला २० पैकी १४. दुसरा, गोड्या पाण्यावर थंड होणाऱ्या औष्णिक क्षमतेपैकी जवळपास ४० टक्के क्षमता पाण्याचा ताण जास्त असलेल्या भागात आहे. तिसरा, एकट्या २०१६ सालात पाण्याअभावी सुमारे १४०० कोटी युनिट वीज बुडाली. चौथा, चार वर्षांत कंपन्यांचं ९१०० कोटी रुपयांहून जास्त संभाव्य उत्पन्न गेलं. 'संभाव्य' हा शब्द मूळ अहवालात आहे. बातम्यांमध्ये तो बहुतेक ठिकाणी गळला आणि माझ्या सिनॉप्सिसमध्येही.

पहिला आकडा घ्या. 'किमान एकदा' आणि 'कंपनी' हे दोन शब्द अधोरेखित करा. समजा कुठल्याही एका केंद्राला एका वर्षात पाण्याअभावी बंद पडण्याची शक्यता ५ टक्के आहे. एकच केंद्र असलेल्या कंपनीला चार वर्षांत किमान एकदा झटका बसण्याची शक्यता साधारण १९ टक्के निघते. आता वीस केंद्रं असलेली कंपनी घ्या, शक्यता तीच ५ टक्के, आणि सगळी केंद्रं एकमेकांपासून स्वतंत्र धरा. मग तीच शक्यता ९८ टक्क्यांवर जाते. ०.९५चा ८०वा घात काढून एकातून वजा करा, स्वतः करून पाहा. म्हणजे सर्वांत मोठ्या २० कंपन्या निवडल्या की त्यांतल्या बहुतेकांना कधीतरी, कुठेतरी फटका बसणारच. हा आकडा खोटा नाही. पण तो पाण्याच्या संकटाइतकाच कंपनीच्या आकाराबद्दलही बोलतो. वाचणाऱ्याला वाटतं, ७० टक्के वीजक्षेत्र कोरडं पडलं. तसं तो म्हणत नाही.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण त्यावरून नवी केंद्रं कुठे असावीत याच्या चर्चा होतात. 'पाण्याचा ताण' मोजायला अहवालाने त्याच संस्थेचं ॲक्वाडक्ट हे साधन वापरलंय. त्यातला ताण म्हणजे एक गुणोत्तर: त्या भागात वर्षाला एकूण किती पाणी उपसलं जातं, भागिले वर्षाला किती पाणी नव्याने उपलब्ध होतं. ४० टक्क्यांच्या वर गेलं की 'जास्त', ८० टक्क्यांच्या वर गेलं की 'अति जास्त'. जगाचा नकाशा रंगवायला हे ठीक आहे. पण एखादं केंद्र बंद पडेल का, या प्रश्नाला ते उत्तर देत नाही. भारतात उपशाचा सिंहाचा वाटा शेतीचा असतो. म्हणून जिथे सिंचन चांगलं तो भाग नकाशावर लाल दिसतो. तिथल्या कालव्याला बारमाही पाणी असेल, तर काठावरचं केंद्र निवांत चालू राहतं.

उलट उदाहरणही आहे. मार्च २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधलं एनटीपीसीचं फरक्का केंद्र, २१०० मेगावॉटचं, काही दिवस बंद ठेवावं लागलं. फरक्का! गंगेच्या काठावर! तिथे कोरडवाहू मुलूख नाही की टँकर नाहीत. बॅरेजमधून निघणाऱ्या फीडर कालव्यातली पातळी खाली गेली आणि केंद्राला पाणी खेचता येईना. उन्हाळ्यातल्या कमी प्रवाहाचं बांगलादेशबरोबरचं वाटप १९९६च्या करारानुसार दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने होतं, तेही याच्या मागे आहे. वर्षाच्या सरासरीत गंगा मुबलक असते, पण केंद्र चालतं ते आजच्या पातळीवर. दहा दिवसांत घडणारी गोष्ट वर्षाच्या गुणोत्तरात शोधायला गेलं तर सापडणार कशी?

आता आपल्या परळीकडे.

परळी औष्णिक विद्युत केंद्र बीड जिल्ह्यात. २०१३ साली तिथे २१० मेगावॉटचे तीन आणि २५० मेगावॉटचे दोन असे पाच संच होते, एकूण ११३० मेगावॉट. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी सगळे संच बंद झाले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा बंद झाले आणि या वेळी बंद बराच लांबला. नकाशावर पाहिलं तर हे अहवालाला चपखल बसणारं उदाहरण. कोरडा प्रदेश, तहानलेलं केंद्र, थांबलेलं उत्पादन, गोष्ट संपली. पण थांबा, जरा हिशेब करू.

केंद्राला पाणी लागतं कशाला, इथून सुरुवात करू, म्हणजे पुढचे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. कोळशाच्या केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर एक मेगावॉट-तास वीज काढायला सुमारे २.८६ मेगावॉट-तास उष्णता लागते. काही उष्णता धुराड्यातून जाते, पण दीडेक मेगावॉट-तास उष्णता कंडेन्सरमधून बाहेर काढावीच लागते, नाहीतर वाफेचं पुन्हा पाणी होत नाही. कूलिंग टॉवरमध्ये ही उष्णता मुख्यतः पाण्याची वाफ होऊन जाते. एक किलो पाणी उडायला साधारण २.४ मेगाज्यूल लागतात. भागाकार केला की दीड ते दोन घनमीटर पाणी नुसतं उडतं. त्यात टॉवरमधलं खारट झालेलं पाणी बदलणं, राख वाहून नेणं, बाकीची कामं मिळवा, की एका मेगावॉट-तासाला तीन ते पाच घनमीटर होतात. पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या टॉवरवाल्या केंद्रांना ३.५ घनमीटरची मर्यादा घातली, ती याच पट्ट्यात येते.

इथेच माझी पहिल्या वर्षी फजिती झाली होती. प्रोग्रेस सेमिनारमध्ये मी एक तक्ता दाखवला. त्यात काही केंद्रांचा पाणीवापर मेगावॉट-तासाला शंभर घनमीटरच्या वर होता आणि काहींचा तीन. मी त्यावरून 'तीसपट तफावत' असा मथळाही दिला होता. समितीतल्या एका बाहेरच्या सरांनी शांतपणे विचारलं, "हे पाणी घेतलेलं आहे की संपलेलं?" मला प्रश्नच कळला नाही. नदीचं पाणी एकदा कंडेन्सरमधून फिरवून गरम करून परत नदीत सोडणारी केंद्रं घेतात शंभर-दीडशे घनमीटर, पण संपवतात एकाच्या आसपास. टॉवरवाली घेतात कमी, पण घेतलेलं बहुतेक सगळं उडवतात. मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात घातल्या होत्या. तेव्हापासून कुठल्याही पेपरमध्ये 'वॉटर यूज' हा शब्द दिसला, की मी आधी पद्धतीच्या विभागात जाऊन तो नेमका कशाचा आहे ते पाहते. तुम्हीही पाहा. निम्म्या पेपरांत उत्तर तळटीपेत असतं आणि काहींत तिथेही नसतं.

तर परळी. ११३० मेगावॉट, वर्षभर सरासरी ६० टक्के भाराने चाललं असं धरू. वर्षाला सुमारे ५९४ कोटी युनिट होतात. ३.५च्या दराने पाणी लागतं सुमारे २१ दलघमी. जुने संच जास्त पितात म्हणून ५चा दर धरा, तर ३० दलघमी. टीएमसीत सांगायचं तर एक टीएमसीच्या आसपास, किंवा त्याहून थोडं कमी.

हे खूप आहे की थोडं? जायकवाडीचा जिवंत साठा सुमारे २१७० दलघमी आहे. म्हणजे भरलेल्या धरणाचा एक ते दीड टक्का. पूर्ण भरलेल्या नाथसागराचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर असतो. त्यावरून वर्षाला नुसतं एक मीटर पाणी उडालं तरी ३५० दलघमी जातात, आणि मराठवाड्याच्या उन्हात एक मीटर हा फार सभ्य अंदाज झाला. उसाला मोकाट पाणी दिलं तर हेक्टरी वीस हजार घनमीटर सहज लागतात. म्हणजे परळीचं वर्षाचं पाणी हजार ते दीड हजार हेक्टर उसाचं. एका साखर कारखान्याच्या हद्दीत याच्या कितीतरी पट ऊस उभा असतो.

मग इतकं थोडं पाणी लागत असताना केंद्र बंद का पडलं? माझ्या मते अहवालावरची खरी टीका या प्रश्नात आहे. 'प्रदेश कोरडा आहे' हे त्याचं उत्तर नाही, निदान पुरेसं नाही. परळीला पाणी येतं सोनपेठ तालुक्यातल्या, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. बंधारा लहान. त्यातलं संपलं की वरून, पैठणहून किंवा माजलगावहून, सोडून आणावं लागतं. सोडलेलं पाणी आधी कोरडं पात्र पितं, मग काठावरच्या मोटारी पितात, उरलं तर खाली पोचतं. केंद्राचं नशीब जोडलेलं आहे ते एका बंधाऱ्याशी, एका आवर्तनाशी आणि ते सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीशी. ॲक्वाडक्टच्या चौकटीत यातलं काहीच नाही.

त्या बैठकीलाही नियम आहेत. राज्याच्या २००३च्या जलनीतीत प्राधान्यक्रम होता पिण्याचं पाणी, मग उद्योग, मग शेती. बराच गदारोळ झाल्यावर २०११ मध्ये तो बदलला आणि शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. वीजकेंद्राचं पाणी उद्योगात मोडतं, म्हणजे तिसरं. त्यावर गोदावरीच्या वरच्या आणि खालच्या भागांचं भांडण. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं समन्यायी वाटपाचं कलम, नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्यावरून झालेली आंदोलनं, कोर्टकज्जे. उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये. परळी बंद होती तो काळ नेमका या वादाचा.

आता अहवालात 'पाण्याअभावी बंद' ही नोंद फक्त तोट्याच्या रकान्यात जाते. परळीच्या बाबतीत मला ते खटकतं. दुष्काळात उरलेलं पाणी आधी माणसांना, मग शेतीला आणि मग केंद्राला, असा नियम असेल, तर केंद्र बंद पडणं म्हणजे तो नियम पाळला जाणं. त्याला नुसता 'जोखमीचा प्रसंग' म्हणून मोजलं, की पुढची शिफारस आपोआप 'केंद्राला हमखास पाणी मिळवून द्या' अशी होऊ शकते. अहवाल स्वतः ती करत नाही. त्याचा भर कमी पाणी लागणाऱ्या तंत्रावर आणि सौर-पवन विजेवर आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. पण त्याचे आकडे उचलणारे सगळे त्याच्या शिफारशी उचलत नाहीत.

एक तुलना करून पाहा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं गेलं. ती गाडी सगळ्यांना आठवत असेल. पहिली खेप दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर, म्हणजे २५०० घनमीटर. परळीचे पाचही संच पूर्ण भाराने चालले असते, तर ३.५च्या दराने तासाला सुमारे ३९५५ घनमीटर पाणी लागलं असतं. त्या अख्ख्या गाडीचं पाणी केंद्राला ३८ मिनिटं पुरलं असतं. लातूर परळीपासून फार लांब नाही. माझी आत्या तेव्हा लातुरात राहायची. तिच्या गल्लीत नळाला पाणी आल्याला किती दिवस झाले ते कॅलेंडरवर खुणा करून मोजायचे. त्या उन्हाळ्यात परळीचे संच बंद होते याला मी तोटा म्हणायला तयार नाही. निदान तोटा कुणाचा हे विचारल्याशिवाय तरी नाही.

हाच प्रश्न १४०० कोटी युनिटांना विचारा. बुडाली म्हणजे काय? पाणी असतं तर तो संच चालला असता, असं इथे गृहीत आहे. पण २०१५-१६ मध्ये देशातल्या औष्णिक केंद्रांचा सरासरी पीएलएफ ६२ टक्क्यांच्या आसपास होता. बरीच क्षमता तशीही बसून होती. डिसेंबर २०१३च्या अखेरीस दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेल्यावर सगळा देश एका ग्रिडवर आला. एक केंद्र बंद पडलं की मागणी दुसरीकडे वळते. त्यात परळी कोळशाच्या खाणींपासून शेकडो किलोमीटर लांब. कोळशाच्या वाहतुकीमुळे वीज महाग, आणि स्वस्त वीज आधी घ्यायची या मेरिट ऑर्डरच्या रांगेत महाग केंद्राला नंतर बोलावणं येतं. पाणी असतं तरी ते रोज पूर्ण भाराने चाललं असतं असं कोण सांगणार? कंपनीने गमावलेली वीज आणि देशाने गमावलेली वीज हे दोन वेगळे आकडे आहेत. अहवालातला आकडा पहिल्याच्या जवळ जातो आणि उद्धृत होताना दुसरा होऊन बसतो. कंत्राटी कामगाराचा बुडालेला रोज मात्र दोन्हींत येत नाही.

पण टीका या एका अहवालापुरती ठेवणं बरोबर नाही. पाणी-ऊर्जा संबंधावरच्या बहुतेक पेपरांत पहिलंच चित्र एकसारखं असतं. दोन वर्तुळं, एकात थेंब, एकात वीज, मध्ये दोन बाण. पाण्याला वीज लागते, विजेला पाणी लागतं, असं चक्र. दोन्ही बाण सारख्या जाडीचे. मी हे चित्र आतापर्यंत इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून काढू शकते. आता त्याची जाडी मोजू.

एका युनिट विजेत, काही वाया न जाता, एक घनमीटर पाणी ३६७ मीटर वर चढतं. शेतातला पंप, मोटार, पाइप सगळं धरून कार्यक्षमता ३० टक्के म्हणा. मग १०० मीटर खोल बोअरमधून एक घनमीटर उपसायला सुमारे ०.९ युनिट लागतात. हेक्टरभर उसाचं वीस हजार घनमीटर उपसायला १८ हजार युनिट, म्हणजे १८ मेगावॉट-तास. ही वीज काढायला केंद्रात किती पाणी लागलं? १८ गुणिले ३.५, म्हणजे ६३ घनमीटर. वीस हजार घनमीटर पाणी उपसायची वीज बनवायला ६३ घनमीटर. हजाराला तीन! चक्र म्हणून पाहिलं तर एक बाण दोरखंड आहे आणि दुसरा सुतळीचा धागा.

याचा अर्थ विजेसाठीच्या पाण्याकडे दुर्लक्ष करा असा नाही. धागा नेमक्या वेळी, नेमक्या जागी तुटला की परळी थांबते, हे आपण पाहिलंच. पण वर्षाच्या बेरजेत जे जाड दिसतं आणि संकटाच्या दिवशी जे तुटतं, ती एकच गोष्ट नसते. आपले पेपर बेरीज मोजतात आणि निष्कर्ष संकटाबद्दल काढतात.

शिवाय जाड बाण मोजायची आपली साधनंही कच्ची आहेत. महाराष्ट्रात कित्येक शेतीपंपांना मीटरच नाहीत, अश्वशक्तीवर बिल येतं. त्यांनी किती युनिट वापरले हे अंदाजाने ठरतं आणि त्या अंदाजात वीजगळतीही बेमालूम मिसळू शकते. त्या युनिटांवरून 'भूजल किती उपसलं' हे मागे जाऊन काढणारे पेपर तुम्हाला सापडतील. वाचताना फीडर कुठला, वर्ष कुठलं आणि अंदाज कुणाचा, हे विचारा.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नाही खरं तर. नदीतून किंवा कालव्यातून पिण्यासाठी पाणी सोडतात तेव्हा वाटेत कुणी उपसू नये म्हणून काठावरच्या शेतीपंपांची वीज तोडतात. खालच्या गावाला पाणी पोचावं म्हणून वरच्या गावाची वीज बंद! गोदाकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत आहे. दुष्काळी भागात पाणी आणि वीज यांचा सगळ्यात थेट संबंध हा असावा, आणि दोन वर्तुळांच्या चित्रात त्याला जागा नाही.

उपायांच्या बाबतीतही जागा बघून बोलायला हवं. २०१६च्या टॅरिफ पॉलिसीनुसार ५० किलोमीटरच्या आतल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं पाणी वीजकेंद्राने वापरायचं आहे. नागपूरजवळ कोराडीला ते जमलं, कारण शेजारी नागपूरएवढं शहर आहे. परळी शहराची वस्ती लाखाच्या आतबाहेर. माणशी ८० लिटर सांडपाणी धरलं तर दिवसाला ८००० घनमीटर, वर्षाला तीन दलघमीही नाही. गरज २१ची. हवेवर थंड होणारे कंडेन्सर हा दुसरा मार्ग. झारखंडमध्ये एनटीपीसीच्या उत्तर करणपुरा केंद्रात ते बसवलेत. पाणी खूप वाचतं, पण कार्यक्षमता घसरते, आणि ती जास्त घसरते ती उन्हाळ्यात, म्हणजे मागणी सर्वांत जास्त असते तेव्हा. तेवढ्याच विजेला कोळसा जास्त जळतो. ज्या केंद्राचा कोळसा आधीच लांबून येतो तिथे हा सौदा कसा बसेल, हे कुणीतरी नीट मांडायला हवं. विषय शोधत असाल तर घ्या, मी काही त्यावर हक्क सांगत नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. परळीचा आठवा संच, २५० मेगावॉटचा, सुरू झाला २०१६च्या अखेरीस. म्हणजे २०१३चा बंद आणि २०१५चा बंद यांच्या काळात तिथे नव्या संचाचं काम चालू होतं. जुने २१०चे संच पुढे निवृत्त झाले, त्यामुळे आज तिथे २५०चे तीनच आहेत आणि पाण्याची एकूण गरजही उतरली आहे. तरीही जागा निवडताना आणि क्षमता वाढवताना पाण्याचा प्रश्न कागदावर कसा सोडवला गेला असेल, याचं मला कुतूहल आहे. बहुधा वर्षाच्या बेरजेने. २१ दलघमी, धरणाचा एक टक्का, मिळेल की! आपण मघाशी केला तोच हिशेब, फक्त उलट्या बाजूने वाचलेला.

म्हणून माझ्या तिसऱ्या प्रकरणात मी ताणाचा नकाशा वापरणं सोडलंय. त्याऐवजी प्रत्येक केंद्रासाठी तीन गोष्टी काढायचा प्रयत्न करतेय: केंद्राच्या स्वतःच्या तलावात आणि बंधाऱ्यात मिळून किती दिवसांचं पाणी राहतं, त्याच्या वर त्याच पाण्यावर हक्क सांगणारे किती आणि कोण आहेत, आणि टंचाईत त्याचा नंबर कितवा लागतो. पहिली संख्या आहे. दुसरी अर्धी संख्या, अर्धी यादी. तिसरी कुठल्याच समीकरणात बसत नाही आणि गाईड दर भेटीत त्यावरूनच टोकतात. आवर्तनांच्या जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांमध्ये आहेत. त्यांचे फोटो काढून मी एक्सेलमध्ये भरतेय. २०१२ ते २०१४ झालं. २०१५च्या रजिस्टरची मधली काही पानं ओल लागून चिकटलीत, ती सुटतात का ते पुढच्या आठवड्यात जाऊन बघायचंय.